नाण्याची प्रत कशी ठरते

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं कल्याणांतील एखाद्या जुन्या घरांत देवघराजवळची पेटी उघडली जाते. तींतून चांदीचे राणीछाप रुपये, दोनचार शिवराया आणि एखादें ओळख न पटणारें नाणें बाहेर निघतें. घरांतील मंडळी तीं सर्व चिंचेच्या कोळांत भिजत घालतात, राखेनें किंवा रांगोळीनें खसखसून घासतात, आणि लखलखीत झालेलीं नाणीं तबकांत मांडून त्यांवर हळदकुंकू वाहतात. यांत भक्तीची उणीव नसते. परंतु नाणेसंग्राहकाच्या दृष्टीनें त्या अर्ध्या घटकेंत नाण्याचें जें नुकसान होतें, तें पुष्कळदां शंभर वर्षांच्या वापरानेंही झालेलें नसतें. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. पण नाण्याची प्रत कशी ठरवितात हें एकदां कळलें, म्हणजे त्यांतील तथ्य सहज पटेल.

झिजलेल्या नाण्यास कमी लेखण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. मोगल अमदानींत नुकत्याच पाडलेल्या रुपयास ‘सिक्का’ म्हणत आणि त्याला पुरी किंमत मिळे. त्याच बादशहाच्या कारकीर्दींतील, पण आधींच्या सालीं पाडलेला रुपया ‘चलनी’ ठरे व त्यावर बट्टा बसे. पुढें मराठेशाहींत अंकुशी, चांदवडी अशा अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत फिरूं लागले, तेव्हां सराफावांचून कोणाचें पान हालेना. सराफ वजन करी, धातूचा कस पाही, आणि पाहिल्याची खूण म्हणून नाण्यावर बारीकसा ठसाही उमटवी. मात्र सराफाची पारख आणि संग्राहकाची पारख यांत एक मोठा भेद आहे. नाण्यांत चांदी किती उरली, हें सराफ पाही. नाण्यावर चित्र किती उरलें, हें संग्राहक पाहतो.

संग्राहकांच्या व्यवहारांत प्रतीचीं नांवें इंग्रजींतून आलेलीं आहेत. खालून वर जावयाचें तर ‘पुअर’, ‘फेअर’, ‘गुड’, ‘व्हेरी गुड’, ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रिमली फाइन’ आणि शेवटीं ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे चलनांत मुळींच न फिरलेलें, अशी ही शिडी आहे. नवख्या माणसाची फसगत येथेंच होते. ‘गुड’ हा शब्द ऐकून तो हर्षभरित होतो. पण ‘गुड’ म्हणजे चेहऱ्याची केवळ बाह्यरेषा आणि सालाचे आंकडे कसेबसे उरलेलें नाणें. ‘फाइन’ नाण्यावरही झीज उघड दिसते, फक्त मुख्य भाग स्पष्ट असतात. खरोखर सुंदर म्हणावें असें नाणें ‘व्हेरी फाइन’च्या पुढेंच आढळतें.

ही पायरी ओळखावयाची कशी? राणीछाप रुपयाचेंच उदाहरण घेऊं. हा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा. मुकुटधारी राणीची मुद्रा त्यावर १८६२ सालापासून आली. नाणें चपटें दिसलें तरी त्याचा पृष्ठभाग म्हणजे लहानसा डोंगराळ मुलूखच असतो, आणि हात, कसा, गल्ला यांचें घर्षण प्रथम शिखरांस लागतें. या रुपयावर मुकुटाचा माथा, कानावरचे केस, गाल आणि वस्त्रावरील वेलबुट्टी हे भाग आधीं झिजतात. केसांची बट न् बट सुटी दिसत असेल तर प्रत वरची. केस एकमेकांत मिसळून सपाट झाले असतील तर मधली. आणि वेलबुट्टीच्या जागीं नुसती गुळगुळीत चांदी उरली असेल तर खालची. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या छातीशीं इवलासा हत्ती आहे. १९११ सालच्या रुपयावरील हा हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, म्हणून पुढील वर्षीं तो सुधारून घ्यावा लागला. रुपया फार झिजला कीं हत्तीही नाहींसा होतो आणि डुक्करही. मग भेद उरतो तो केवळ सालाचा.

नांवांच्या या शिडीस आंकड्यांची जोड अमेरिकेंत मिळाली. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानें तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांविषयीं १९४९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत १ पासून ७० पर्यंत गुण देण्याची पद्धत मांडली. कल्पना अशी कीं, जेमतेम ओळखतां येणाऱ्या नाण्याची किंमत १ धरली, तर टांकसाळींतून निघाल्यासारख्या निर्दोष नाण्याची ७० धरावी. बाजारभावाचें तें प्रमाण लवकरच मोडलें. परंतु आंकडे मात्र टिकले. ‘फाइन’ला १२, ‘व्हेरी फाइन’ला २० पासून, ‘एक्स्ट्रिमली फाइन’ला ४० पासून आणि न वापरलेल्या नाण्यास ६० ते ७० गुण देतात. १९८६ नंतर अमेरिकेंत नाणें तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबींत कायमचें बंद करून देणाऱ्या संस्था निघाल्या, आणि आज हिंदुस्थानांतील नाणींही अशा डब्यांत दिसतात.

पण यंत्रानें पाडलेल्या सेंटाचें माप हातोड्यानें पाडलेल्या नाण्यास जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. शिवराईचें पाहा. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं देवनागरी अक्षरें असतात. परंतु ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, शिवाय घाव हातानें घातलेला. म्हणून एखाद्या शिवराईवर ‘श्री’ सुटलेला असतो, तर एखादीवर ‘ति’ कडेबाहेर गेलेला असतो. ही झीज नव्हे. जें कधीं उमटलेंच नाहीं तें झिजणार कोठून? म्हणून जाणता पारखी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो: ठसा किती उमटला होता, आणि उमटलेल्यापैकीं किती टिकला? उरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतील, तर अर्धा लेख नसलेली शिवराईही वरच्या प्रतीची ठरूं शकते. उलट सगळीं अक्षरें असून तीं लोण्यासारखीं गुळगुळीत झालीं असतील, तर प्रत उतरते.

प्रत म्हणजेच मोल, असेंही मात्र समजूं नये. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. तीं क्षत्रप नहपानाचीं नाणीं होतीं. पण त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरी मुद्रा चढलेली! नुसत्या रूपाकडे पाहणारा अशीं नाणीं बिघडलेलीं म्हणून बाजूस टाकील. पण सातवाहनांनीं क्षत्रपांचा पाडाव केल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल. कल्याणकरांस तर हा इतिहास परका नाहीं. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत ‘कल्लिएन’ बंदराचा उल्लेख आहे, आणि तेथें येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात, असेंही त्यांत म्हटलें आहे. त्यामागें याच दोन सत्तांची चुरस होती असें अनेक विद्वान मानतात. ती चुरस कशी संपली, हें जोगळटेंभीचीं दुहेरी ठशाचीं नाणीं सांगतात.

आतां चिंचेच्या कोळाकडे वळूं. टांकसाळींत ठशाचा दाब बसतो तेव्हां धातू किंचित् वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नव्या नाण्याची फिरती झळाळी या रेषांचीच असते. चिंचेचें आम्ल वरचा थर खातें, आणि राख व रांगोळी त्यावर केसासारखे असंख्य ओरखडे काढतात. नाणें चकचकीत दिसतें खरें. पण ती चमक भांड्याची, नाण्याची नव्हे. भिंगाखालीं ती लपत नाहीं, आणि गेलेली मूळ झळाळी कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. चांदीवर काळानें चढलेला काळसर रंग आणि तांब्यावरचा तपकिरी थर हे मळ नव्हेत. तें नाण्याचें पांघरूणच आहे. अपवाद एकच. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली, तर तो क्षारांमुळें जडलेला रोग होय, आणि कोंकणच्या दमट हवेंत तो पसरतो. असें नाणें इतरांपासून दूर, कोरड्या जागीं ठेवून जाणत्यास दाखवावें.

नाणें नेहमीं कडेनें धरावें, मऊ कापडावर ठेवून पाहावें आणि कोऱ्या कागदाच्या पाकिटांत एकेक सुटें ठेवावें. स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कांहीं वर्षांनीं चिकट हिरवा द्रव सुटतो, म्हणून त्या टाळाव्यात. घराचा पाया खणतांना जुना सांठा सांपडला, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरास लेखी कळविणें बंधनकारक आहे. सोनाराच्या मुशींत गेलेल्या सांठ्याचे चार पैसे होतील, पण त्याची साक्ष कायमची बुडते. नाण्यांच्या अभ्यासासाठीं नाशिकजवळ अंजनेरी येथें १९८० सालीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली. जिज्ञासूंस तिचा चांगला उपयोग होईल.

लक्ष्मीपूजनांत जुनीं नाणीं मांडूं नयेत, असें कोणी म्हणणार नाहीं. तीं आजवर घराण्यांत टिकलीं तीं पूजेच्या निमित्तानेंच. मात्र हळदकुंकू वाहावयाचें तें चालू सालच्या रुपयावर वाहावें, जुनीं नाणीं त्याच्या शेजारीं जशींच्या तशीं ठेवावीं, आणि हातास घासण्याची फारच संवय असेल, तर तबक घासावें.