हातावरचा गांध आणि पेनिसिलिनचा निवाडा

भोकरदन किंवा मंठ्याकडच्या एखाद्या दवाखान्यात प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापूर्वी हाताच्या कातडीत 'टेस्ट'ची सुई टोचली जाते. पंधरा-वीस मिनिटांत तेथे गांध उठली तर औषध बंद, न उठली तर पूर्ण मात्रा. 'पेनिसिलिन चालत नाही' हा शेरा केसपेपरवर एकदा पडला की तो जन्मभर पाठ सोडत नाही. हा निवाडा देणारी चाचणी कितपत भरवशाची, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

चाचणी मुळात अशास्त्रीय नव्हे. पेनिसिलिनचे शरीरात विघटन होऊन जे घटक तयार होतात, त्यांच्याविरुद्धच बहुधा ॲलर्जी असते. शास्त्रशुद्ध पद्धतीत या घटकांची खास द्रावणे वापरतात आणि तुलनेसाठी मीठपाणी व हिस्टामिनही टोचतात. अशा चाचणीत गांध उठली नाही, तर शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक लोकांना औषध सुखरूप मानवते. परंतु ही द्रावणे आपल्याकडील सामान्य रुग्णालयांत सहसा मिळत नाहीत. मग कुपीतलेच औषध अदमासाने पातळ करून टोचायचे. द्रावण तीव्र झाले तर कातडी नुसत्या चुरचुरण्याने फुगते. रुग्णाने आदल्या दिवशी सर्दीची गोळी घेतलेली असेल, तर खरी ॲलर्जीही झाकली जाते. काही दिवसांनी उठणारे पुरळ तर या चाचणीच्या कक्षेतच येत नाही.

येथे साधे त्रैराशिक मांडून पाहावे. समजा, हजार माणसांत खरी ॲलर्जी दोघांनाच आहे आणि चाचणी शंभर निर्दोषांपैकी तिघांना चुकीने दोषी ठरवते. म्हणजे दोघांना वाचविण्यासाठी तीस जणांवर खोटा शिक्का बसला. त्या तिसांना पुढे महागडी प्रतिजैविके घ्यावी लागतात. तो खर्च दवाखान्याच्या हिशेबात दिसत नाही; तो कापसाच्या पट्टीतून जातो.

सर्वांत मोठी किंमत मोजतात ती रुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा दुखावलेली मुले. त्यांना दीर्घकाळ दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन लागते. खोट्या गांधीमुळे ते थांबले, तर ताप पुन्हा उलटून झडप अधिक बिघडण्याचा धोका वाढतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत 1,790 रुग्णांना 32,430 इंजेक्शने दिली गेली. ॲलर्जी 57 जणांना झाली, तीव्र आघात चौघांना, मृत्यू एक. एक मृत्यूही क्षुल्लक नव्हे. पण इंजेक्शन न घेण्याचा धोकाही याच तराजूत घातला पाहिजे. शिवाय 2022 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने असे निदर्शनास आणले की, झडपांचा आजार बळावलेल्या रुग्णांचे इंजेक्शननंतरचे काही मृत्यू ॲलर्जीचे नसून दुर्बळ हृदयाने दगा दिल्याचे असावेत. ते धोके हातावरची गांध कसे ओळखणार? अशा रुग्णांना गोळ्या देणे बरे, असे त्या संस्थेचे मत आहे.

मग चाचणी सोडून द्यावी काय? पूर्वी खरोखर त्रास झालेल्या माणसाच्या बाबतीत ती जाणकाराच्या हातून अवश्य व्हावी. सरसकट करण्याचे कारण नाही. चीननेही 2021 साली सेफॅलोस्पोरिन गटासाठी सरसकट चाचणीची शिफारस मागे घेतली. पूर्वी कोणते औषध घेतले, नेमके काय झाले, किती वेळाने झाले, ही नीट विचारपूस, इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्णाला थांबवून घेणे आणि हाताशी ॲड्रिनलिनची कुपी, एवढ्याने अधिक संरक्षण मिळते. गांध उठली नाही म्हणून कुपी कपाटात कुलूपबंद ठेवणे, हा या चाचणीने दिलेला सर्वांत घातक दिलासा होय.

2024 साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अंबड, परतूर, घनसावंगीकडच्या केसपेपरांवरील जुने शेरे तपासून पाहण्यासाठी तेथे आठवड्यातून एक सकाळ राखून ठेवण्यास हरकत नसावी. खऱ्या ॲलर्जीवाल्यांपैकीही सुमारे ऐंशी टक्के लोकांची ती दहा वर्षांत मावळते. त्यांच्या कागदावरचा शेरा मात्र कोणी खोडीत नाही.