साच्याबाहेरचे सैनिक

संपादकांची मागणी सरळ होती. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक विकणारी एक कंपनी डिसेंबर 2024 मध्ये लंडन शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. ती तिथवर कशी पोचली, ते बघून या. कंपनीचं नाव गेम्स वर्कशॉप, गाव नॉटिंगहॅम. लेन्टन भागात तिचं मुख्यालय आहे आणि तिथंच ‘वॉरहॅमर वर्ल्ड’ नावाचं कायमचं प्रदर्शन. दारात चिलखती सैनिकाचा थोरला पुतळा, आत काचेमागं हजारो छोटे सैनिक एकमेकांवर तुटून पडलेले. सगळं हिंडून पाहिलं, टिपणंही काढली. पण लेख अडकला तो त्याच शहरातल्या एका मराठी गृहस्थांच्या टेबलापाशी. तिथं याच कंपनीचे सैनिक करवतीनं कापले जात होते.

आधी अधिकृत इतिहास उरकून टाकू. 1975 साली लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी कंपनी काढली, ती लाकडी पट आणि सोंगट्या विकायला. 1979 मध्ये धातूचे छोटे पुतळे ओतणारी ‘सिटाडेल’ तिच्या जोडीला आली. 1987 मध्ये रिक प्रीस्टली यांनी लिहिलेलं ‘वॉरहॅमर 40,000 : रोग ट्रेडर’ हे जाडजूड नियमपुस्तक निघालं आणि त्याच सुमारास तीस प्लास्टिक सैनिकांचा एक खोका. काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकाचा. माणसाचं साम्राज्य आकाशगंगाभर पसरलेलं, पण आतून कुजत चाललेलं. यंत्रं चालतात, ती का चालतात हे कुणाला ठाऊक नाही. म्हणून यंत्रांची पूजा करणारे पुरोहित आहेत, जे स्वतःचे हातपाय काढून तिथं लोखंड बसवून घेतात. ‘ऑर्क’ नावाची हिरवी जमात शत्रूचे रणगाडे पळवते, त्यांना भंगार ठोकते आणि लाल रंग दिला की गाडी जोरात पळते यावर ठाम विश्वास ठेवते. विश्वास ठेवल्यामुळं गाडी खरंच जोरात पळते, असं पुस्तकच सांगतं.

असं कथाविश्व हाती आल्यावर खेळणाऱ्या माणसानं खोक्यातले सैनिक खोक्यावरच्या चित्राप्रमाणं जोडून गप्प बसणं अवघडच होतं. शिवाय त्या काळी पुस्तकात शेकडो प्राणी आणि वाहनं होती, दुकानात त्यातली मोजकीच. कंपनीच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा, याची कृती छापून आली होती. जुने खेळाडू आजही तिची आठवण काढतात.

निरनिराळ्या किटांचे सुटे भाग एकत्र करून नवीनच वस्तू उभी करणं म्हणजे किटबॅशिंग. हा उद्योग वॉरहॅमरच्याही आधीचा आहे. ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश बाहुलीपटमालिकेत डेरेक मेडिंग्ज यांची मंडळी बाजारातल्या विमानांच्या आणि रणगाड्यांच्या किटांतले तुकडे आपल्या यानांवर डकवत; एका यानाच्या तळाच्या भिंतीवर तर एक लिंबूपिळणी बसवलेली आहे. ‘स्टार वॉर्स’च्या 1977 सालच्या पहिल्या चित्रपटातली यानं खरी वाटतात याचं बरंचसं श्रेय दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या आणि तोफांच्या किटांना आहे. यानाच्या गुळगुळीत पत्र्यावर असे बारीक तुकडे दाटीनं बसले, की डोळ्याला वाटतं, इतकी गुंतागुंत आहे म्हणजे तिचा काहीतरी उपयोग असणारच.

आता ते गृहस्थ. मूळचे कोल्हापूरचे, नोकरीनं इथं आलेले यंत्र अभियंता. “नाव छापू नका. ऑफिसात मी गंभीर माणूस आहे,” ही त्यांची एकुलती एक अट. मागच्या खोलीत एक टेबल, कापायची चटई, वाकवता येणारा दिवा आणि भिंतीभर स्क्रू ठेवायचे असतात तसले छोटे खण. खणांवर मराठीत चिठ्ठ्या : ‘डोकी – मानवी’, ‘डोकी – इतर’, ‘नळ्या’, ‘उजवे हात’, ‘काय ते ठाऊक नाही’. शेवटचा खण सगळ्यात मोठा. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी प्लास्टिकचा डायनासोर पहाऱ्याला ठेवणारं पोर मोठं होऊन अभियंता झालं, की त्याचं घर असंच दिसणार.

मी गेलो तेव्हा एक यंत्रपुरोहित घडत होता. अंगरखा आणि पाय मेकॅनिकसच्या, म्हणजे त्या यंत्रपूजक पंथाच्या, पायदळातल्या सैनिकाचे, डोकं दुसऱ्याच किटातलं, आणि डावा हात नेक्रॉनचा. नेक्रॉन म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली शरीरं गमावून बसलेली धातूच्या सांगाड्यांची परकी जमात. परक्यांचं तंत्र वापरणं हे या पुरोहितांच्या धर्मात पाखंड. “म्हणजे हा बाबा पाखंडी आहे,” मी म्हणालो. “आहे, पण अजून पकडला गेलेला नाही,” ते म्हणाले. “म्हणून हात झाकायचा.”

झाकायचं काम ग्रीन स्टफचं. हा दोन भागांचा इपॉक्सी लगदा, एक पट्टी निळी, एक पिवळी. मळून एकजीव केला की हिरवा होतो. निळा जास्त घेतला तर कडक होतो, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट राहतो. त्यांनी वाटाण्याएवढा गोळा मळला, पातळ पापुद्रा केला आणि खांद्यावरून सोडला. मग पाण्यात बुडवलेल्या पोलादी कोरणीनं घड्या पाडायला सुरुवात केली. खांद्यापाशी कापड ताणलेलं हवं, कोपरापाशी सैल. घडी कुठून निघते आणि कुठं मरते हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर झग्याऐवजी चिखल दिसतो. झग्याच्या काठाखालून धातूची दोनच बोटं बाहेर ठेवली. शेवटी मान. डोकं सरळ चिकटवता आलं असतं. त्यांनी ते किंचित खाली आणि डावीकडं फिरवलं. पुरोहित आता स्वतःच्याच हाताकडं बघत होता, कुणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं. एवढ्याशा वळणानं पुतळ्याला भूतकाळ मिळाला.

मला खरं गुंतवलं ते मात्र या हातानं नाही, तर कमरेनं. गृहस्थांनी एका खणातून 1998 सालच्या मालिकेतला एक जुना सैनिक काढला. पाय वेगळे, धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं. कमरेचा सांधा साफ सपाट, गळ्यात वाटी आणि डोक्याखाली गोळा. त्यामुळं धड कुठल्याही पायांवर कुठल्याही कोनात बसायचं. ऑर्कचे पाय, माणसाचं धड, कुठलंही डोकं. सगळं एकमेकांत जुळायचं. शेजारी त्यांनी हल्लीचा सैनिक ठेवला. छातीचा पुढचा भाग आणि पाय एकाच तुकड्यात, पाठ दुसऱ्यात. जोड चिलखताच्या रेषेत अशी लपवलेली की जोडल्यावर फट सापडत नाही. पळणारा सैनिक खरंच पळतोय असं वाटतं. जुना त्याच्यापुढं मातीच्या खेळण्यासारखा ताठ.

“दोष काढू नका, साच्याचं गणित समजून घ्या,” ते म्हणाले. त्यांचे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, आणि वडिलांचं शास्त्र इथं जसंच्या तसं लागू पडतं. धातूचे पुतळे रबराच्या साच्यात ओततात. रबर वाकतं, त्यामुळं काखेतला किंवा हनुवटीखालचा खळगाही साच्यातून सुटून येतो. प्लास्टिकचा साचा पोलादाचा. तो दोन अर्ध्यांत सरळ उघडतो. त्या दिशेला आडवा येणारा कुठलाही खळगा, म्हणजे अंडरकट, असला की तुकडा आत अडकलाच. म्हणून पुतळ्याचे भाग पाडायचे, आणि कुठं पाडायचे यातच सगळी कारागिरी. पूर्वी शिल्पकार तिप्पट मोठा नमुना हातानं घडवायचे आणि पँटोग्राफनं तो लहान करून पोलादात उतरवायचे. छेद सोपे ठेवावे लागत. आता संगणकावर घडवतात, छेद हवा तसा वाकडा घेता येतो. पुतळा देखणा झाला, पण तो एकाच तऱ्हेनं जुळतो. सपाट कमर गेली आणि तिच्याबरोबर अदलाबदल गेली. आता अदलाबदल हवी तर आधी करवत.

साच्यानं कथेलाही वळण दिलं आहे. 1988 मध्ये महाकाय युद्धयंत्रांचा एक खेळ काढायचा होता, ‘अडेप्टस टायटॅनिकस’. प्लास्टिकचा साचा महाग. खोक्यात एकाच घडणीचं यंत्र देणं परवडत होतं. मग दोन्ही बाजूंकडं सारखीच यंत्रं का? तर साम्राज्यात यादवी झाली, भाऊ भावावर उठला. आज ‘होरस हेरेसी’ या नावानं या विश्वाचं महाभारत मानलं जातं ते युद्ध असं साच्याच्या खर्चातून जन्मलं. त्या काळी साच्यात जे बसलं नाही ते कथेनं भरून काढलं, आणि कथेत जे होतं पण साच्यात नव्हतं ते खेळणाऱ्यांनी करवतीनं. मला हा व्यवहार फार आवडला. आता तो विस्कटतो आहे, आणि फक्त कमरेमुळं नाही.

पहिली अडचण कायद्याची. कंपनीच्या सैनिकांना लागतील असे सुटे खांदे आणि डोकी विकणाऱ्या ‘चॅप्टरहाउस’ नावाच्या छोट्या अमेरिकन व्यवसायावर गेम्स वर्कशॉपनं 2010 मध्ये दावा लावला. 2013 मध्ये शिकागोत ज्यूरीनं काही मुद्दे कंपनीला दिले, काही चॅप्टरहाउसला. ज्याचा पुतळा कंपनीनं कधी काढलाच नाही, त्याचं चित्र बघून दुसऱ्यानं तो घडवला तर काय, हा प्रश्न त्यात ऐरणीवर आला. त्यानंतरच्या वर्षांत नियमपुस्तकांतून एक गोष्ट हळूहळू दिसेनाशी झाली : ज्याचं किट दुकानात नाही असं पात्र. किट नाही तर नियम नाही. नेमक्या याच फटीत किटबॅशिंग वाढलं होतं. पुस्तकात नायक आहे, दुकानात नाही, म्हणून तुम्ही तो घडवता; आता जो दुकानात नाही तो पुस्तकातही नाही.

दुसरी अडचण घरातच उभी आहे. गृहस्थांची मुलगी शाळेत जाते, संगणकावर त्रिमिती आकार घडवते आणि रेझिनच्या प्रिंटरवर छापते. तिला साचा नाही, म्हणून अंडरकटची भीती नाही. “बाबा चार किटं विकत घेऊन कापतात, मी हवा तो हात रात्री छापायला लावते,” ती म्हणाली. तिचं म्हणणं खोडता येत नाही. पण तिच्या टेबलावरही फुकट काही नाही. छपाईत हवेत लोंबणाऱ्या भागाला टेकू द्यावे लागतात, ते तोडले की पुरळ उठल्यासारखे डाग राहतात. कच्चं रेझिन कातडीला लागू द्यायचं नाही, हातमोजे हवेत. घासताना उडणारी भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही, मास्क हवा. शिवाय रेझिन पॉलिस्टायरीनसारखं चिकटत नाही. प्लास्टिकचा सिमेंट दोन्ही कडा विरघळवून वितळजोड करतो. रेझिनला सुपरग्लू लागतो, आणि वजन असेल तर आत पितळी तारेची खीळ.

वडिलांची तक्रार निराळी आहे. “हवा तो हात छापून मिळाला, की जो हात नको होता तो हातात पडतच नाही.” नेक्रॉनचा हात त्यांनी शोधला नव्हता. खण उपडा केला तेव्हा तो वर आला आणि पाखंडी पुरोहिताची गोष्ट सुचली. छापणाऱ्याला गोष्ट आधी सुचावी लागते. शिवाय कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत छापलेला पुतळा चालत नाही. म्हणजे मुलीचा पुरोहित घरच्या टेबलावर लढेल, कंपनीच्या दालनात नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते आणि तिच्याबद्दल बोललं कमी जातं. कथाविश्वातल्या रिकाम्या जागा भरत चालल्या आहेत. होरसची यादवी दीर्घकाळ थोडक्या मजकुरात सांगितलेली दंतकथा होती. प्रत्येकानं आपापली कल्पना करावी. 2006 ते 2024 या काळात तिच्यावर साठाहून अधिक पुस्तकं निघाली. कोण कुठं मेला, कुणी काय घातलं होतं, सगळं छापील. यातली बरीच पुस्तकं वाचनीय आहेत, लोकांनी ती आवडीनं घेतली, कंपनीचा धंदा वाढला. पण ज्या नायकाचं चिलखत पानभर वर्णन केलेलं आहे त्याला परका हात लावायची हिंमत कमी होते, आणि लावलाच तर समोरचा खेळाडू पुस्तक दाखवतो.

आदिकथेत सम्राटानं वीस सैन्यं उभारली होती. त्यातली दुसरी आणि अकरावी दप्तरातून खोडून टाकलेली आहेत. त्यांचं काय झालं हे कुठल्याच पुस्तकात नाही. गृहस्थ दुसऱ्या सैन्याचा एक सैनिक घडवताहेत. त्याचा रंग अजून ठरलेला नाही, निशाणीवरून मुलीशी वाद चालू आहे, आणि यावेळी डोकं तिनं छापलेलं असणार, पाय त्यांनी कापलेले. कंपनीनं त्या दोन सैन्यांबद्दल आजवर तोंड उघडलेलं नाही. भागधारकांना काहीही वाटो, ते तिनं यापुढंही उघडू नये.