चपाला सरोवरकाठचे परदेशी वास्तव्य : पाहुणा, रहिवासी आणि शेजारी

प्रस्तावना

स्थलांतर म्हटले की रोजगाराच्या शोधात गरीब प्रदेशातून संपन्न प्रदेशाकडे जाणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र याच्या उलट दिशेचा एक प्रवाह ठळक होत गेला. अमेरिका व कॅनडा येथील सेवानिवृत्त नागरिक आपले निवृत्तिवेतन घेऊन दक्षिणेकडे मेक्सिकोत स्थायिक होऊ लागले. या प्रवाहाचे एक जुने व परिचित उदाहरण म्हणजे हालिस्को राज्यातील चपाला सरोवराचा उत्तर काठ होय. प्रस्तुत लेखात या वसाहतीची जडणघडण, तिची कायदेशीर चौकट आणि तिचे स्थानिक समाजावरील परिणाम यांचा विचार केला आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

चपाला हे मेक्सिकोतील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीमुळे येथील हवा वर्षभर समशीतोष्ण असते. जून ते ऑक्टोबर हा पावसाळा, तर उरलेले महिने बहुधा कोरडे असतात. ग्वादालाहारा हे महानगर उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर असून त्याचे विमानतळ चपालाकडे जाणाऱ्या मार्गावरच आहे. सौम्य हवामान आणि मोठ्या शहरातील रुग्णालयांचे सान्निध्य ही वृद्ध रहिवाशांच्या दृष्टीने या काठाची प्रमुख आकर्षणे ठरली.

विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास येथे विश्रांतीसाठी येत असल्यामुळे चपाला गावाला प्रतिष्ठा लाभली. १९२३ मध्ये इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांनी येथेच आपल्या मेक्सिकोविषयक कादंबरीचा पहिला मसुदा लिहिला. १९४३ मध्ये अमेरिकन प्रवासलेखिका नील जेम्स शेजारच्या आहिहिक गावी स्थायिक झाल्या. त्यांनी गावातील मुलांसाठी ग्रंथालय सुरू केले आणि पुढे आपली वास्तू परदेशस्थांच्या ‘लेक चपाला सोसायटी’ या १९५५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला दिली. म्हणजेच आरंभीचे परदेशी संख्येने थोडे होते आणि गावाच्या जीवनात मिसळल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. २०२० मध्ये आहिहिकचा समावेश मेक्सिको शासनाच्या ‘जादुई गावे’ या पर्यटन योजनेत झाला.

पाहुण्यापासून रहिवाशापर्यंत

मेक्सिकोचा २०११ चा स्थलांतर कायदा २०१२ च्या नियमावलीसह अमलात आला. त्यानुसार परदेशी व्यक्तीच्या वास्तव्याच्या तीन पायऱ्या मानता येतील. पर्यटकास जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. हिवाळ्यापुरते येणाऱ्यांना एवढा काळ पुरतो. दुसरी पायरी तात्पुरत्या रहिवाशाची असून तिची कमाल मर्यादा चार वर्षे आहे. तिसरी पायरी कायम रहिवाशाची होय. रहिवासासाठी सामान्यतः मेक्सिकोबाहेरील वकिलातीत अर्ज करून पुरेसे उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते.

मालमत्तेच्या बाबतीत या काठाचे वेगळेपण राज्यघटनेच्या २७ व्या कलमात आहे. सीमेपासून १०० व समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीस जमिनीची थेट मालकी मिळत नाही. तेथे बँकेच्या न्यासामार्फत घर घ्यावे लागते. चपाला या पट्ट्याबाहेर असल्यामुळे येथे घर स्वतःच्या नावावर होते. मात्र त्यासाठी एक अट मान्य करावी लागते : या मालमत्तेपुरते खरेदीदार स्वतःस मेक्सिकन नागरिकासमान मानील आणि आपल्या देशाच्या शासनाकडे संरक्षण मागणार नाही. तसेच ‘एहिदो’ या सामूहिक धारणेची जमीन परदेशी व्यक्तीस विकत घेता येत नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. परदेशी रहिवासी घराचा मालक होऊ शकतो, कर भरतो. परंतु त्याला मताधिकार नाही आणि घटनेचे ३३ वे कलम त्याला देशाच्या राजकीय व्यवहारात भाग घेण्यास मनाई करते. गावाच्या अर्थकारणावर त्याचा मोठा प्रभाव पडतो, पण गावाच्या निर्णयप्रक्रियेत त्याला स्थान नसते.

सामाजिक व आर्थिक परिणाम

या वास्तव्यामुळे बांधकाम, घरकाम, बागकाम, उपाहारगृहे व वैद्यकीय सेवा यांत रोजगार निर्माण झाला. दुसरीकडे घरांच्या किमती अनेकदा डॉलरमध्येच सांगितल्या जातात. पेसोमध्ये मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबाला त्या परवडत नाहीत. परिणामी, ज्या गल्लीत आजोबा मासेमारी करून राहिले, त्या गल्लीत नातवाला भाड्याचे घर घेणेही कठीण होते. रोजगार वाढला तरी जागा वाढत नाही, हा या वसाहतीतील मूळ पेच आहे.

दुसरा पेच पाण्याचा आहे. सरोवर विस्तीर्ण असले तरी उथळ आहे. लेर्मा नदीच्या खोऱ्यातील धरणे व शेती यांमुळे येणारे पाणी घटते आणि ग्वादालाहारा शहर आपल्या पाण्याचा मोठा हिस्सा येथूनच घेते. १९५५ आणि २००२ च्या सुमारास पातळी चिंताजनक खालावली होती. २००९ मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, तथापि प्रदूषण व जलपर्णी यांचे प्रश्न केवळ दर्जाने सुटणारे नाहीत. ज्या सरोवरासाठी लोक येथे येतात, त्याचे भवितव्य काठावर नव्हे तर शेकडो किलोमीटर दूरच्या खोऱ्यात ठरते.

दैनंदिन सहजीवनात भाषा निर्णायक ठरते. केवळ इंग्रजीवर येथे वर्षानुवर्षे राहता येते, आणि हीच सोय दुराव्याचे कारण बनते. बुधवारचा ‘तियांगिस’, म्हणजे आठवडी बाजार, किंवा नोव्हेंबरअखेरीस ग्रामदैवत संत आंद्रेस यांचा उत्सव यांत पहाटेपासून उडणारे अग्निबाण एखाद्यास उपद्रव वाटतात. स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्याला त्यांमागील मानकरी कुटुंबांची श्रद्धा कळू शकते.

समारोप

चपालाच्या उदाहरणावरून असे दिसते की, पर्यटक परवान्याने पाहुणा होतो आणि कागदपत्रांनी रहिवासी. शेजारी मात्र कोणत्याही कायद्याने होत नाही. स्थानिकांना परवडणारी घरे आणि सरोवराचे पाणी या दोन मर्यादित गोष्टींचे भान परदेशी रहिवाशांनी, तसेच नियोजन करणाऱ्या शासनाने ठेवले नाही, तर ज्या गावपणाच्या ओढीने ही वसाहत उभी राहिली तेच लोप पावण्याचा संभव आहे. मताधिकार नसलेल्या रहिवाशाला भाषा शिकणे, योग्य मजुरी देणे आणि पाणी जपून वापरणे हे मार्ग मोकळे आहेत. नील जेम्स यांचे ग्रंथालय याच मार्गाने उभे राहिले होते.