दुर्मीळ गाडीचं मोल कशात असतं?

परदेशातून आलेल्या एखाद्या जुन्या, दुर्मीळ गाडीची किंमत किती, असा विषय निघाला की बोलणं हमखास दोन गोष्टींवर येतं. अशा गाड्या जगात किती उरल्या आहेत आणि तसलीच गाडी गेल्या लिलावात कितीला गेली? दोन्ही माहिती उपयोगाची आहे. पण मूल्यांकनाची सुरुवात तिथून केली की पुढचा सगळा हिशोब चुकतो. आधी उत्तर हवं ते वेगळ्याच प्रश्नाचं: समोर उभी असलेली गाडी नेमकी कोणती, आणि कारखान्यातून बाहेर पडल्यापासून आजपर्यंतची तिची वाटचाल खंड न पडता दाखवता येते का? दुर्मीळ गाडीचा मोठा पैसा मोजला जातो तो या सलग इतिहासासाठी. पत्रा, चामडं आणि इंजिन यांची किंमत त्या इतिहासाच्या आधाराने वाढते किंवा कोसळते.

नुसत्या संख्येवर किंमत ठरत नाही, याचा चोख पुरावा जॅग्वारच्या एक्सकेएसएस या गाडीत मिळतो. ल मान्स जिंकणाऱ्या डी-टाइप रेसिंग कारची ही रस्त्यावर चालवण्याजोगी आवृत्ती. २५ गाड्या करायचं ठरलं होतं. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली, नऊ गाड्या जळाल्या आणि सोळाच ग्राहकांपर्यंत पोहोचल्या. पुढे २०१६ मध्ये खुद्द जॅग्वारनेच जाहीर केलं की त्या नऊ गाड्या आपण जुन्या आराखड्यांवरून, हाताने, पुन्हा बनवू. त्यांचा भाव दहा लाख पौंडांच्या वर ठेवला गेला. आकडा मोठाच आहे, पण १९५७ ची अस्सल गाडी याच्या कित्येक पटींनी महाग मानली जाते. आता संख्येचाच न्याय लावायचा तर नऊ हा आकडा सोळापेक्षा लहान. म्हणजे नवी मालिका अधिक दुर्मीळ. कंपनी तीच, आराखडे तेच, कारागिरी कदाचित जुन्यापेक्षा सफाईदार. तरीही खरेदीदार जुन्या गाडीलाच जास्त मोजतो, कारण मधली साठ वर्षं ती प्रत्यक्ष जगलेली आहे. तो काळ कुठल्याही कारखान्यात तयार करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इतकी वर्षं जगलेली गाडी मूळची राहते का? पिस्टन बदलतात, पत्रा बदलतो, कधी अख्खं इंजिन बदलतं. लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली स्पीड सिक्सचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली ही गाडी. खरेदीदार मागे सरला. त्याचं म्हणणं असं की समोरची गाडी ती नव्हेच. त्यात तथ्यही होतं. शर्यतीमागून शर्यत तिचे भाग बदलत गेले होते. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवरून ती उडाली आणि चालक ठार झाला, तेव्हा तिच्यात आठ लिटरचं दुसरंच इंजिन होतं. पुढे तर रस्त्यावर वापरण्यासाठी तिला वेगळी बॉडी चढवली गेली. १९२९ च्या गाडीतलं फारच थोडं शिल्लक उरलं होतं. तरीही न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने कौल दिला. हे सगळे बदल एकाच गाडीवर, एकामागोमाग एक होत गेले. मध्येच ती गाडी संपली आणि तिच्या जागी दुसरी आली असं कधी घडलं नाही, हा त्यामागचा विचार. मूल्यांकन करणाऱ्याने हा निकाल मुळातून समजून घ्यायला हवा, कारण सुट्या भागांची यादी आणि गाडीची ओळख यांतला फरक तो दाखवतो.

मग कोणी विचारेल: आपल्याकडे कित्येक अमेरिकन गाड्यांत पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन बसवली गेली, तीही सलग इतिहासाचाच भाग धरायची का? ओळखीपुरती जरूर धरायची. अशी ब्यूइक ही तीच ब्यूइक असते. पण ओळख पटणं ही पहिली पायरी झाली, किंमत त्यानंतर ठरते. बेंटलीतले बदल ती गाडी ज्या कामासाठी जन्मली त्या शर्यतींनीच घडवले होते. डिझेल इंजिन नाइलाजाने आलं, आणि बाजार त्याचे पैसे कापतोच. मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवलेलं असेल, त्यावरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळत असेल, तर कापलेल्यातला बराच भाग परत मिळू शकतो. म्हणून जुना भाग भंगारात देणं हे या व्यवहारातलं सर्वांत महागडं पाऊल ठरतं. चकचकीत डेंटिंग-पेंटिंगचंही तेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या आर्तक्यूरियाल लिलावात १९६१ ची फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे एक कोटी ६३ लाख युरोंना गेली. फ्रान्समधल्या एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या ढिगाखाली ती वर्षानुवर्षं पडून होती आणि धुळीसकट विकली गेली. कधीकाळी ती अभिनेता आलाँ दलोंच्या वापरात होती, त्याचाही भाव लागला. पण कोणाचा हात न लागल्याने तिचं मूळपण शंकेच्या पलीकडे होतं, हे खरेदीदारांना नक्कीच दिसत होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो. शेवटी कोणी पैसे मोजले तीच किंमत, उरलेलं सगळं पांडित्य! विकणाऱ्यापुरतं हे खरं आहे. मूल्यांकन करणाऱ्याला मात्र एका गाडीचा भाव दुसरीला लावायचा असतो आणि तिथे हे सूत्र तोकडं पडतं. मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. त्याआधी लिलावातला उच्चांक होता २०१८ मध्ये फेरारी २५० जीटीओने गाठलेले चार कोटी ८४ लाख डॉलर. पण मर्सिडीजचा लिलाव झाला कंपनीच्याच श्टुटगार्टच्या संग्रहालयात, निवडून बोलावलेल्या मोजक्या लोकांपुढे. गाडी दोनांपैकी एक, आणि तोवर कंपनीच्या ताब्याबाहेर कधीच न गेलेली. या आकड्यावरून दुसऱ्या मर्सिडीजचा भाव काढणं चूक आहे. शिवाय छापून येणाऱ्या रकमेत बहुधा लिलावगृहाचं कमिशनही धरलेलं असतं, म्हणजे विकणाऱ्याच्या हाती तेवढे पैसे पडत नाहीत.

भारतात तर हे परदेशी आकडे आणखी जपून वापरावे लागतात. १९५० पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, म्हणजे पॅरिस किंवा कॅलिफोर्नियातला श्रीमंत खरेदीदार इथल्या अशा गाडीसाठी उपलब्धच नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. आपल्या गाड्यांची मोठी अडचण तुटलेल्या इतिहासाची आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस फक्त चॅसी विकत असे आणि हूपर, बार्कर यांच्यासारखे कारागीर त्यावर बॉडी चढवत. संस्थानं विलीन झाल्यावर संस्थानिकांकडच्या या गाड्या हातोहात फिरल्या. काहींच्या बॉड्या बदलल्या, आरसी बुकं हरवली. तरी धागा पुन्हा जोडता येतो. इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी इथल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे चॅसीगणिक कार्डं जपलेली आहेत आणि त्यांवर पहिल्या ग्राहकाचं नाव, बॉडी कोणी केली, कशी केली, याची नोंद असते. दरबारी दप्तरं, जुनी छायाचित्रं, विम्याच्या पावत्या यांतून मधली वर्षं भरत नेता येतात. पाच वर्षांवरील वाहनाची विमा रक्कम मालक आणि विमा कंपनी यांच्या संमतीने ठरते, तेव्हा ही फाइलच मालकाची बाजू मांडते. चांगल्या मूल्यांकन अहवालात म्हणूनच एक आकडा नसावा. खालची आणि वरची मर्यादा असावी, आणि कोणती वर्षं पुराव्याविना राहिली, त्यापोटी किती रक्कम वजा केली, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. उद्या एखादं जुनं पत्र किंवा फोटो सापडला, तर त्या वजाबाकीतलं किती परत मिळवायचं हे त्यावरूनच ठरेल.