फाटलेला सूर

गणेशोत्सवाच्या मांडवात लाउडस्पीकरचा आवाज फार मोठा केला, की तो फाटतो आणि आपण कानांवर हात ठेवतो. पण मित्रांनो, विजेवर वाजणाऱ्या गिटारचे वादक हाच फाटलेला आवाज मुद्दाम काढतात! १९६४ मध्ये 'द किंक्स' या इंग्रजी वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी तर त्यासाठी लाउडस्पीकरचा कागदी शंकूच पात्याने चिरला. खरे म्हणजे एवढे करण्याची गरज नसते. विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, हे काम स्वतःच करू शकतो. कसे, ते पाहू.

गिटारची पोलादी तार छेडली, की तिच्याखालील चुंबक व वेटोळे यांमुळे सुमारे ०.१ व्होल्टचा विद्युत्‌दाब निर्माण होतो. तो वाढवण्यासाठी जुन्या रेडिओत असत तशा निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह वापरतात. नलिकेतील तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघून धनाग्राकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. जाळीवरील दाब थोडा बदलला, की इलेक्ट्रॉनांचा ओघ पुष्कळ बदलतो. नळाची तोटी थोडी फिरवली, की धार कमीजास्त होते, तसेच हे. पण तोटी पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही, आणि पूर्ण बंद झाल्यावर आणखी बंद होत नाही!

आता एक हिशेब करा. पहिल्या भागात, म्हणजे पूर्व-विवर्धकात, '१२एएक्स७' ही नलिका फार वापरतात. तिच्या एका टप्प्यात दाब सुमारे ५० पट होतो. ०.१ व्होल्टचे झाले ५ व्होल्ट. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा ५० पट, म्हणजे २५० व्होल्ट. तरंगाला वर २५० व खाली २५०, मिळून ५०० व्होल्टची जागा हवी. पुरवठा मात्र ३०० व्होल्टच्या आसपास! मग तरंगाचे माथे आणि तळ छाटले जातात.

छाटल्याने काय होते? सेकंदाला ४४० कंपनांचा शुद्ध स्वर घ्या. त्यात ८८०, १३२०, १७६० असे पटींतले उपस्वर मिसळतात. पूर्व-विवर्धकातील नलिका तरंगाच्या दोन्ही बाजू सारख्या छाटत नाही, म्हणून दुप्पट, चौपट असे सम उपस्वरही येतात. पुढच्या शक्ति-विवर्धकात बहुधा नलिकांची जोडी असते. एक ढकलते, दुसरी ओढते. तिथे दोन्ही बाजू सारख्या छाटल्या जातात. सम उपस्वर एकमेकांना बरेचसे खोडतात आणि तिप्पट, पाचपट असे विषम उपस्वर ठळक होतात. आपल्या तंबोऱ्यालाही जवारीमुळे उपस्वरांचीच श्रीमंती लाभते, मात्र तिथे काम तार आणि घोडी करतात.

एक अडचण उरते. शक्ति-विवर्धक पूर्ण जोराने चालवल्याशिवाय त्याचा सूर फाटत नाही. १०० वॉटऐवजी ५० वॉटचा विवर्धक घेतला, तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. एवढ्या गोंगाटात अंतर्कर्णातील केसपेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून पुढे विवर्धकांना आणखी एक बटण आले. पूर्व-विवर्धकात सूर हवा तेवढा फाडायचा आणि मग आवाज लहान करायचा!

असा विवर्धक कधी हाती आला, तर तो उघडू नका. बंद केल्यावरही त्यातील संधारित्रांत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. त्यापेक्षा आलेख-कागदावर एक तरंग काढा, पट्टी ठेवून त्याचे माथे व तळ छाटा. फाटलेला सूर तुमच्या डोळ्यांसमोर असेल.