आधी परीक्षा, मग वर्ग

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झालं आणि पुढची कित्येक वर्षं त्याने स्वतः कुणालाही काही शिकवलं नाही. शिकवायचं एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. नमुना तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर होते, त्यामुळे ही पद्धत टाकाऊ होती म्हणायला जीभ रेटत नाही.

1904च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवायची मुभा दिली, 1919मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र शिकवायला आले, पुढे विभाग वाढत गेले. पण पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी आजही संलग्न कॉलेजांतच शिकतात. अभ्यासक्रम ठरवतं अभ्यास मंडळ, वर्गावर असतात तिसरेच सर. मग पोरं विचारतात, "सर, हे परीक्षेला येतं का?" यात पोरांचं काय चुकलं?

लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका पाहा. आसन क्रमांक झाकला जातो आणि तपासणारा बहुधा त्या मुलाला कधी भेटलेलाही नसतो. सावंतवाडीच्या मुलीला आणि चर्चगेटच्या मुलाला एकच पेपर, एकच मोजपट्टी. ओळखीपाळखीच्या आपल्या मुलखात ही गोष्ट लहान नाही. पण सगळा भार एकाच खांबावर. 2017मध्ये संगणकावर पेपर तपासायची घाई झाली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

आता क्रेडिटचा जमाना आहे. साधारण 15 तास शिकवणं म्हणजे एक क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान 160. कमावलेली क्रेडिट साठवायला 2021पासून बँकही आहे. कागदावर विषयांची चंगळ, पण निवडलेला विषय शिकवणार कोण? कायम पदं रिकामी आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतायत. मुलाचं क्रेडिट तासांवर, सरांचं मानधनही तासांवर! वर्गाबाहेर कट्ट्यावर विद्यार्थ्याची शंका सोडवली, तर तो वेळ कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मला खरा बदल वाटतो तो स्वायत्त कॉलेजांचा. झेवियर्सला 2010मध्ये स्वायत्तता मिळाली. अशा कॉलेजात अभ्यासक्रम आखणं, शिकवणं आणि पेपर काढणं एकाच छपराखाली येतं. निकाल फुगवायचा मोहही तिथेच असतो, हे खरं. तरी शिकवणाऱ्यावर एवढा भरवसा टाकायला हरकत नाही. पदवी मात्र अजूनही मुंबई विद्यापीठच देतं.