ओरेगॉनच्या रानातली काळी बादली

जीओकॅशिंगचा, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधण्याच्या खेळाचा, जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, जागा शंभरेक मीटरने हुकायची. २ मे २००० रोजी ते बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, बेचकी, बीन्सचा डबा आणि नोंदवही. माइक टीग यांनी ती तीन दिवसांत हुडकली!

खेळ आजही तोच. वहीत नाव-तारीख लिहा, वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा, डबा होता तिथेच लपवा. खाऊ मात्र आता चालत नाही, वासाने प्राणी डबा फोडतात.

खरी मजा शेवटच्या टप्प्यात. फोन चार-पाच मीटरपर्यंत नेतो, पुढे आपली नजर. झाडाची ढोली, कुंपणाच्या खांबाचं सैल टोपण, जरा जास्तच नीट रचलेले दगड... मला तर डोंगर चढण्याहून हेच आवडतं.

शोध किती अवघड आणि वाट किती बिकट, दोन्हींना १ ते ५ श्रेणी असते. पहिल्यांदा दोन्ही १ असलेला डबा निवडा. आणि पेन न्याच, फिल्मच्या डबीएवढ्या डब्यात ते मावत नाही.